फोन माझा, बोटही माझंच



मागच्या वेळी कोहळ्याच्या सांडग्यांवर लिहिलं, तेव्हा तिघीचौघींचे फोन आले. सांडग्यांविषयी एकीनेही विचारलं नाही! विचारलं ते फोटोंविषयी. "अक्का, तुमचे फोटो एवढे स्वच्छ कसे? आमच्या सुनेने काढलेले आमच्याकडे येईपर्यंत धुरकट होतात."

उत्तर सोपं आहे. व्हॉट्सॲपवरून फोटो पाठवला की ते आपणहून त्याचा आकार कमी करतं, म्हणजे लवकर जावा म्हणून.  पाठवताना 'एचडी' निवडलं तर बराच फरक पडतो आणि 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा जातो. समोरची बाई त्याच खोलीत बसलेली असेल तर व्हॉट्सॲपची गरजच नाही. दोन फोन शेजारी ठेवून थेट देता येतं, इंटरनेट नसलं तरी. ते कसं हे पुढे सांगते.

पण आधी हे सगळं मी शिकले कशी, ते सांगायला हवं. हौस म्हणून शिकले नाही मी.

तीन वर्षांपूर्वी श्रावणात, रात्री अडीचच्या सुमारास आमच्या ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. शेजारच्यांनी गाडी काढली, अर्ध्या तासात दवाखान्यात पोचलो. इथपर्यंत सगळं नीट झालं. मग खिडकीवरच्या मुलीने विचारायला सुरुवात केली. विम्याचं कार्ड? कोणत्या गोळ्या चालू आहेत? कशाची ॲलर्जी? मागचे रिपोर्ट? आधार? प्रत्येक प्रश्नाला माझं उत्तर एकच, "त्यांच्या फोनमध्ये आहे." फोन माझ्या हातात होता आणि तो बंद होता. त्यांचा अंगठा लावून बघितला, घामाने ओला झालेला, लागेना. मग पॅटर्न मागायला लागला. ह्यांनी स्ट्रेचरवर पडल्या पडल्या माझ्या तळहातावर बोटाने काहीतरी काढून दाखवलं. मला ते कळलं नाही. पाच वेळा चुकलं आणि फोन म्हणाला, तीस सेकंद थांबा.

त्या तीस सेकंदांत माझ्या मनात काय आलं ते लिहीत नाही.

पैसे भरायची वेळ आली तेव्हा तर आणखीच गंमत. माझ्या स्वतःच्या खात्यात पैसे होते, आईच्या वाटणीतून आलेल्या ठेवीचं व्याज. पण कार्ड घरी कपाटात आणि यूपीआय काय ते फक्त ह्यांच्या फोनमध्ये. शेजारच्या मुलाने, जो माझ्याकडे लहानपणी बेरीज-वजाबाकी शिकायला यायचा, त्याने स्वतःच्या फोनवरून माझे पैसे भरले. मी बी.कॉम. आहे. लग्नाआधी दोन वर्षं वडिलांच्या अडत दुकानाची खतावणी मी लिहायचे, एका पैचा फरक राहू द्यायचे नाही. आणि त्या रात्री माझे पैसे मलाच काढता येत नव्हते.

हे बरे झाले. दोन स्टेंट बसले, आता रोज सकाळी बस्तीपर्यंत चालत जातात. मुलगा पुण्याहून सातला पोचला आणि मला म्हणाला, "आई, तुला नवा फोन घेऊन देतो." मी म्हटलं, नवा नको. आहे त्याच्यात काय काय आहे ते आधी सांग. आणि तू करून दाखवू नकोस, माझ्याकडून करून घे.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या वयाच्या बायकांकडे फोन असतो, बहुतेक वेळा मुलाचा जुना. त्यात सगळं असतं. पण काही अडलं की आपण तो नातवाच्या हातात देतो. तो दोन मिनिटांत टकटक करून परत देतो आणि म्हणतो, "झालं आजी." त्याचं झालं, आपलं काहीच झालं नाही. भाकरी शिकवताना आईने आपल्या हातातून पीठ काढून घेतलं असतं का? पहिल्या दहा नकाशासारख्या भाकरी तिने खाल्ल्याच की नाही? मग नातवानेही थोडा धीर धरावा. तो तोंडाने सांगेल, दाबायचं आपण. आमच्या घरात हा नियमच झाला आहे.

सगळ्यात आधी मी काय केलं? दोघांच्याही फोनमध्ये आणीबाणीची माहिती भरली. सेटिंगमध्ये 'सेफ्टी अँड इमर्जन्सी' या नावाखाली सापडते. रक्तगट, चालू गोळ्या, ॲलर्जी आणि कुणाला फोन करायचा त्यांचे नंबर. फोनला कुलूप असलं तरी खाली 'इमर्जन्सी' असं लिहिलेलं असतं, त्यावर दाबलं की हे कुणालाही वाचता येतं. फुकट आहे, बहुतेक फोनमध्ये आहे, आणि मी ज्या ज्या मैत्रिणीचा फोन पाहिला तिथे ते पान कोरं होतं. लेख पुढे वाचायच्या आधी हे केलंत तरी चालेल.

दुसरं डिजिलॉकर. हे सरकारचं ॲप आहे, 2015 पासून. आधार, पॅन, गाडीचा परवाना त्यात ठेवता येतो आणि त्यातून आलेली कागदपत्रं मूळ कागदाइतकीच कायदेशीर मानली जातात. कागदाचा नुसता फोटो काढून ठेवणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं लक्षात ठेवा. विम्याचं कार्ड आणि डॉक्टरांचे रिपोर्ट मात्र आम्ही गुगल ड्राइव्हमध्ये एका फोल्डरात ठेवले आणि तो फोल्डर चौघांत वाटून घेतला: आम्ही दोघं, मुलगा, मुलगी. आता ह्यांचा फोन उघडला नाही तरी माझा उघडतो.

आता ते थेट पाठवण्याचं. अँड्रॉइड फोनमध्ये 'क्विक शेअर' म्हणून सोय आहे. 2020 मध्ये गुगलने ती 'निअरबाय शेअर' नावाने आणली, 2024 मध्ये सॅमसंगच्या सोयीशी एक करून नाव बदललं. म्हणून एखादीच्या जुन्या फोनवर जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका. फोटो उघडायचा, शेअरचं चिन्ह दाबायचं, क्विक शेअर निवडायचं. शेजारच्या फोनचं नाव दिसेल, त्यावर बोट ठेवायचं. समोरचीने 'ॲक्सेप्ट' म्हटलं की गेला. नाव दिसत नसेल तर तिने आपल्या फोनवर वरून खाली पडदा ओढून क्विक शेअर चालू करावं आणि थोडा वेळ 'एव्हरीवन' ठेवावं. काम झालं की परत 'कॉन्टॅक्ट्स'वर आणायचं. दार उघडं टाकून बाजाराला जात नाही ना आपण, तसंच.

आत काय होतं तेही सांगते, मला असं समजून घेतल्याशिवाय चैन पडत नाही. ब्लूटूथ शेजारी कोण आहे ते हुडकतं, आणि मग खरं सामान वाहून नेतं ते वायफाय, कारण त्याचा वेग जास्त. त्या वायफायला इंटरनेट लागत नाही, दोन फोन आपसातच तारेशिवाय जोडले जातात. म्हणून तासाभराच्या पूजेचा व्हिडिओ, जो व्हॉट्सॲपवर जाता जात नाही, तो चटकन जातो आणि तुमचा डेटा एक कणही खर्च होत नाही. ब्लूटूथ हे नाव दहाव्या शतकातल्या डेन्मार्कच्या एका राजाच्या टोपणनावावरून आलं आहे, त्याने तिथली विखुरलेली माणसं एका राज्यात आणली म्हणून. म्हणजे आपण रोज एका राजाचं नाव घेतो, ते दाताविषयी आहे हे मला मुलीने सांगितलं तेव्हा मी खूप हसले.

आयफोनवाल्यांचं आपसात एअरड्रॉप चालतं. माझ्या सुनेचा आयफोन, माझा साधा. आम्ही दोघी ड्राइव्हची लिंक वापरतो, भांडण नाही.

काही जणींच्या जुन्या फोनवर अजून शेअरइट किंवा झेंडर दिसतं. ही दोन्ही ॲप सरकारने जून 2020 मध्ये बंदी घातलेल्या 59 ॲपमध्ये होती, कॅमस्कॅनरही त्यातच. काढून टाका. आता त्यांचं काम फोन स्वतःच करतो. कागद स्कॅन करायलासुद्धा गुगल ड्राइव्हमध्ये कॅमेऱ्याचं चिन्ह आहेच.

हॉटस्पॉटची गोष्ट श्रवणबेळगोळच्या वाटेवरची. आम्ही सात जणी गेलो होतो. दोघींच्या फोनला कर्नाटकात शिरल्यावर रेंजच येईना, एकीचा डेटा संपलेला, आणि तिच्या मुलीची तिकडे बाळंतपणाची वेळ, जीव सगळा फोनकडे. माझ्या फोनवर हॉटस्पॉट चालू केला, म्हणजे माझा डेटा तिच्या फोनला वाटून दिला. पासवर्ड सांगत बसावं लागलं नाही, चौकोनी कोड दाखवला, तिने कॅमेरा धरला, झालं. चन्नरायपट्टणच्या अलीकडे गाडी चहाला थांबली, तिथे तिला नातीचं तोंड दिसलं. सात जणींनी एकाच फोनवर वाकून बघितलं. बॅटरी मात्र भराभरा उतरते, तेव्हा काम झालं की बंद करायचं आणि पासवर्ड नावगाव नसलेला ठेवायचा.

त्याच प्रवासात गुगल लेन्स कामाला आलं. कानडी पाट्या आपल्याला कुठे वाचता येतात! कॅमेरा पाटीवर धरला की अक्षरांच्या जागी मराठी दिसतं. भाषांतर कधी कधी विनोदी येतं, पण न्हाणीघर कुठे आणि भोजनशाळा किती वाजता बंद होते एवढं कळतं. मात्र गोमटेश्वराच्या पायाशी जे जुनं मराठीतलं कोरीव वाक्य आहे ना, ज्याला आपल्या भाषेतल्या अगदी जुन्या लेखांपैकी एक मानतात, ते बघायला कुठलंही ॲप नको. तिथे मी फोन पिशवीतच ठेवला.

टीव्हीवर फोन दाखवण्याची सोय तर घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी फार चांगली. माझ्या सासूबाई एक्याण्णव वर्षांच्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी एवढ्याशा पडद्यावर त्यांना प्रवचन दिसत नाही. घरचा टीव्ही आणि फोन एकाच वायफायवर असले की 'कास्ट' दाबायचं, काही फोनांत त्याला 'स्मार्ट व्ह्यू' म्हणतात. एक काळजी घ्या. नुसता व्हिडिओ टीव्हीवर पाठवणं निराळं आणि अख्खा फोन टीव्हीवर दाखवणं निराळं. मी पहिल्यांदा अख्खा दाखवला होता. प्रवचन रंगात आलेलं, समोर सासूबाई, नणंद, नणंदेची जाऊ. आणि वरून माझ्या बहिणीचा संदेश उतरला, "आली का गं ती? किती दिवस राहणार?" उरलेलं प्रवचन मला आठवत नाही.

लहानसहान गोष्टी आणखी बऱ्याच आहेत. गुगल कीपवर वाणसामानाची यादी मी, ह्यांनी आणि सुनेने मिळून एकच ठेवली आहे. मी 'मूगडाळ' लिहिलं की ह्यांना दुकानात दिसतं, त्यांनी खूण केली की मला घरी कळतं. मराठी टाइप करायला वेळ लागतो म्हणणाऱ्यांनी कीबोर्डवरचा माइक दाबून बोलावं, हा लेखही निम्मा बोलूनच लिहिलेला आहे. हवामानाच्या ॲपवर सूर्योदय-सूर्यास्त त्या त्या गावाचा दिसतो. कोल्हापूरकडे जूनअखेर सूर्य सात वाजून गेल्यावर मावळतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारास, त्यामुळे लेकीच्या गावी गेलं की तिथली वेळ बघून जेवणाचा अंदाज बांधता येतो. सामायिकाला दोन घडी, म्हणजे 48 मिनिटांचा टायमर लावते आणि 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करते. पूर्वी डोळे मिटून बसलं तरी मन भिंतीवरच्या घड्याळाकडेच असायचं.

आता पैशांचं. इथे माझं मत थोडं कडक आहे, ते ऐकून घ्या. 2024 पासून 'यूपीआय सर्कल' नावाची सोय आली आहे. एकाच्या खात्यातून घरातल्या दुसऱ्याला पैसे देता येतात, मालक मर्यादा ठरवतो किंवा प्रत्येक वेळी होकार देतो. कॉलेजला गेलेल्या नातवासाठी हे उत्तम. पण आमच्या मंडळातल्या दोघींनी मला आनंदाने सांगितलं की ह्यांनी आम्हाला सर्कलमध्ये घेतलं, आता आम्हीही भाजीवाल्याला फोनने पैसे देतो. मला ते पटलं नाही. ज्या बाईचं स्वतःचं खातं आहे, तिने स्वतःच्या खात्याला यूपीआय जोडावं. खात्यात दोन हजार का असेनात. त्या रात्री ह्यांच्या सर्कलमध्ये असते आणि दर वेळी होकार त्यांनी द्यायचा असता, तर स्ट्रेचरवरच्या माणसाने होकार दिला असता का?

आणि जोडलं की एवढं पाठ करा. पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन फक्त द्यायला लागतो. कुणी म्हणालं "पैसे येतील, पिन टाका" तर तो चोर. लग्नपत्रिका म्हणून कुणी फाइल पाठवली आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं ॲप आहे. ओळखीच्या नंबरवरून आलं तरी उघडायचं नाही, कारण त्याचाही फोन आधी फसलेला असतो. तुमचा पडदा आम्हाला दाखवा म्हणजे मदत करतो, असं अनोळखी माणूस म्हणाला तर फोन ठेवायचा. व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलवर पडदा दाखवायची सोय आहे आणि मी मुलाला ती वापरूनच अडचण विचारते, पण फक्त मुलाला, आणि बँकेचं ॲप त्या वेळी उघडत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, घरात कोण काय म्हणेल याचा विचार करत तास घालवू नका, लगेच 1930 ला फोन करा. जितक्या लवकर कराल तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

आमच्या स्वाध्यायात एक वयस्कर ताई आहेत, मला त्यांचा फार आदर आहे. त्या म्हणतात, हा फोन म्हणजे नुसता प्रमाद, आपल्या वयात तो हातातून सुटायला हवा आणि तू आणखी शिकवतेस. त्यांचं अर्धं मला मान्य आहे. दुपारी दोन तास लोकांच्या रेसिपीचे तुकडे बघत बसले की मलाही नंतर अंगात आळस भरतो. परिग्रहाचं म्हणाल तर माझ्या फोनमध्ये एकदा मोजले, सुप्रभातचे अकराशे फोटो निघाले! फुलं, समया, सूर्य आणि पुन्हा फुलं. गुगलच्या फाइल्स ॲपने एकसारखे निवडून दिले, एका बैठकीत पुसले, वर व्हॉट्सॲपचं आपोआप साठवणंही बंद केलं. फोन हलका झाला तसं मलाही बरं वाटलं.

पण उरलेलं अर्धं मान्य नाही. ज्याला फोनमधलं काही येत नाही त्याच्याच हातात तो जास्त वेळ राहतो, कारण त्याला बोटाने वर सरकवणं एवढंच येतं. ज्याला काम माहीत आहे तो काम करून खाली ठेवतो. मी ताईंना हे म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत. आठवड्याने मात्र पिशवीतून फोन काढून म्हणाल्या, "ते रक्तगटाचं कुठे लिहायचं म्हणालीस?" चष्मा लावला, बोट थरथरत होतं, तीनदा चुकलं, मी हात मागे बांधून उभी राहिले. चौथ्यांदा जमलं. गोळ्यांची नावं भरायला त्यांनी घरून पाकीटच आणलं होतं.

येत्या मंगळवारी दुपारी तीनला बस्तीच्या मागच्या खोलीत बसणार आहोत. क्विक शेअर आणि इमर्जन्सीचं पान, दोनच गोष्टी. फोन चार्ज करून आणा, चष्मा आणा, गोळ्यांची पाकिटं आणा. नातवंडांना घरी ठेवून या.